चार मिनिटं वीस सेकंद

माझे सासरे घराबाहेर पडताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतात. एकदा स्वतःची खात्री पटावी म्हणून, एकदा कुलपाची पटावी म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते त्यांनाही सांगता येत नाही. अर्धा जिना उतरून गेल्यावर परत वर येऊन चौथ्यांदा ओढलेलंही मी पाहिलं आहे. इमारतीतली मुलं त्यांना कुलूपकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. सासूबाईंनी तर लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांचं हे नाव ठेवलं होतं: हवेत धरलेली किल्ली आणि मनगटाचा एक झटका.

सासूबाईंना ऐकू येत नाही, जन्मापासूनच. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येकाला हाताने करायचं एक नाव आहे. माझ्या नवऱ्याचं नाव म्हणजे पोटावरून फिरवलेला तळवा, कारण लहानपणी तो सारखा भूक लागली म्हणायचा. नणंदेचं नाव नाकाच्या शेंड्यावर टेकवलेलं बोट, कारण तिला बारा महिने सर्दी. आणि माझं नाव ओठांशी नेलेली मूठ आणि फुगवलेले गाल, म्हणजे शिट्टी. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझा आवाज तीन मैदानं ओलांडून जातो असं लोक म्हणतात. असा आवाज घेऊन मी नेमकी ज्या घरात आले तिथे सासूबाईंवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. देव असेल तर तो थट्टेखोर आहे.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन तोंडातून एक शब्दही न काढता बायकोशी तासभर गप्पा मारायच्या. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, जड नाही जायचं?" तर म्हणाले, "उलट कानांना सुट्टी मिळायची." मग म्हणाले, "आणि तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघावंच लागतं. बाकीचे नवरे पेपरात तोंड घालून बोलतात. मला ती सोय नव्हती."

निवृत्त झाल्यावर हा माणूस गप्प बसेल अशी आमची भाबडी समजूत होती. सहा महिन्यांत त्यांनी इमारतीतल्या एकूण एक घरचे राउटर ताब्यात घेतले. कुणाचं इंटरनेट चालेना की कुलूपकाका हजर. शर्टाच्या खिशात बारका स्क्रूड्रायव्हर, एक पेन्सिलीएवढी बॅटरी आणि एक वही. त्यांचे दोनच नियम होते. एका वेळी एकच बदल करायचा, आणि केलेला बदल तारखेसह वहीत लिहायचा. कामाच्या मोबदल्यात ते एक कप चहा घेत आणि वर समोरच्याची झडती घेत. "काय ठेवलाय पासवर्ड? एक ते आठ आकडे? मग दार तरी कशाला लावता, उघडंच टाका की!" तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तर त्यांना बोलवायचं म्हटलं की आधी घर आवरत, इतका त्यांचा धाक.

फायरवॉल हा त्यांचा जीव की प्राण. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपाची चौकशी करणारा रखवालदार असतो तो, राउटरच्या आत बसलेला. बहुतेक लोक त्याला जसा आला तसा ठेवतात. बाबा त्याला शिस्त लावत. कोणती दारं लागतात तेवढीच उघडी, बाकी सगळी बंद. "बंद केल्याने कधी कुणाचं वाईट झालेलं नाही," असं ते म्हणत. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

आता नणंदेबद्दल सांगायला हवं. आईची भाषा ती बोलायच्या आधी शिकली. पुढे त्याचाच तिने व्यवसाय केला. दूरच्या शहरात एका वाहिनीवर दुपारी चारच्या बातम्या असतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, ऐकू न येणाऱ्यांसाठी, त्या बातम्या हातांनी सांगणारी एक बाई उभी असते. ती आमची. रोज अर्धा तास. चार वाजता सासूबाई खुर्ची ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसत आणि साडेचारपर्यंत जगबुडी झाली तरी उठत नसत. युद्ध, निवडणुका, पूर, भाववाढ, सगळं त्यांना त्यांच्या लेकीने सांगितलं. कधीकधी त्या मध्येच बाबांकडे वळून तक्रार करत, "हिचा अंगठा आळशी झालाय."

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा विरत चालला आहे, चष्म्याने भागणार नाही, औषधाने वेग कमी होईल पण थांबणार नाही. किती दिवस, असं बाबांनी विचारलं. काही महिने, कदाचित वर्ष, असं उत्तर आलं. ज्या बाईला कान नाहीत तिचे डोळेही जाणार, हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. बाबा रडले नाहीत. ते घरी आले, सगळ्या खोल्यांमधले दिवे बदलून मोठे बसवले आणि सासूबाईंची खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ नेऊन ठेवली. मोबाईलवरची बोटं त्यांना केव्हाच दिसेनाशी झाली होती, आणि आमच्या जुन्या टीव्हीवर मोबाईलचं चित्र चढत नव्हतं. लेक तीन महिन्यांतून एकदा येई. मधल्या काळात आईने लेकीला बघायचं ते चारच्या बातम्यांत. "जोवर दिसतंय तोवर तिला ती दिसली पाहिजे," बाबा मला म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्या दिवसापासून चार वाजता घरात वीज, टीव्ही आणि इंटरनेट जागच्या जागी आहे ना हे बघणं हीच त्यांची नोकरी झाली.

अशात आमचा जुना राउटर मेला. कंपनीने नवा पाठवला. बाबांनी तो लहान मुलाला आंघोळ घालावी तशा काळजीने पुसला, बसवला आणि दोन दिवस त्याच्या फायरवॉलमागे लागले. आमचा टीव्हीही इंटरनेटच्याच तारेवरून येतो, मध्ये एक काळा डबा असतो. पहिल्या दिवशी सगळं ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी चारच्या बातम्या सुरू झाल्या आणि थोड्या वेळात चित्र जागच्या जागी थिजलं. नणंदबाई दोन्ही हात हवेत, ओठ अर्धवट उघडे, अशी उभी राहिली ती उभीच.

बाबांनी डबा बंद करून चालू केला. चित्र आलं, थोडं चाललं, पुन्हा थिजलं. दुसरी वाहिनी लावून परत या वाहिनीवर आलं की चित्र जिवंत होई, पण पुन्हा काही मिनिटांत तीच गत. "तोवर असंच करत राहू," मी म्हटलं आणि रिमोटसाठी हात पुढे केला. सासूबाईंनी रिमोट मांडीखाली घातला. मी खुणेने विचारलं, का? त्यांनी मान फिरवली आणि थिजलेल्या चित्राकडे बघत बसल्या. थेट नव्हे, जराशी मान वाकडी करून, कडेने. मला वाटलं, रुसल्या. रुसण्याचा हक्क होताच त्यांना. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड इतकंसं झालं होतं.

पुढचे दहा दिवस आमच्या घराची नुसती भंबेरी. बाबांनी तार बदलली. डब्याची जागा बदलली. विजेची पट्टी बदलली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. चार वाजता परीक्षा, चार वाजून काही मिनिटांनी नापास. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने डबा बंद करून चालू केला, चित्र आल्यावर "झालं बघा" म्हणाला आणि चित्र थिजायच्या आत जिना उतरून गेला. माझा नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही फायरवॉलचं काहीतरी केलंय." बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी फक्त बंद केलंय! उघडल्याने बिघडतं, बंद केल्याने नाही!" नवऱ्याने माझ्याकडे बघून हात टेकल्याची खूण केली. ही खूण मात्र जगात कुणालाही कळते.

मी बाबांवर चिडले होते, हे कबूल करते. माझ्या नाकावर राग असतोच. पण त्याहून जास्त मला आतून भीती वाटत होती. सासूबाईंचे एकेक दिवस जात होते. त्या आता भाजी चिरताना बोटांनी चाचपत. बाबांशी बोलताना त्यांची मनगटं धरून ठेवत. इतक्या वर्षांनी काय हे प्रेम, असं मी त्यांना चिडवलंही. आणि रोज चार वाजता त्यांच्यापुढे लेकीचा पुतळा.

अकराव्या दिवशी मी शाळेतून घरी आले ती तशीच, गळ्यात स्टॉपवॉच. मला काय वाटलं कोण जाणे, बातम्या लागल्या तसं मी बटण दाबलं. चित्र थिजलं तसं पुन्हा दाबलं. चार मिनिटं वीस सेकंद. मी स्वयंपाकघरातून सासूबाईंसाठी चहा आणला, त्यांचे दोन्ही हात कपाला गुंतले तशी हळूच मांडीखालून रिमोट काढला, वाहिनी बदलली, परत आणली आणि पुन्हा मोजलं. चार मिनिटं वीस सेकंद. तिसऱ्यांदा चार मिनिटं एकवीस, पण तो सेकंद माझ्या अंगठ्याचा असावा. सासूबाईंनी मला एक सणसणीत चापट मारली आणि रिमोट परत घेतला.

बाबा आतल्या खोलीत राउटरसमोर स्टूल टाकून बसले होते. मी दारातूनच ओरडले, "बाबा, दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद! ना कमी ना जास्त!"

"शक्य नाही," ते म्हणाले. "बिघाड असा घड्याळ लावून होत नाही."

"तीनदा मोजलंय. शाळेच्या शर्यतीचा निकाल मी याच घड्याळावर देते."

बाबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता माझ्यावर डाफरणार. पण ते भिंतीकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"घड्याळ लावून होतंय म्हणजे तो बिघाड नव्हे," ते म्हणाले. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम तोडतंय."

"कोण?"

"आम्ही तोडायचो तसं." ते स्टुलावर माझ्याकडे वळले. "एक्सचेंजमध्ये लांबचा फोन जोडून दिला की आम्ही मधूनमधून लाईनवर जायचो. विचारायचो, बोलताय का? 'हो, बोलतोय' आलं की गुपचूप बाजूला व्हायचं. दोनदा विचारून उत्तर आलं नाही की समजायचं, माणसं उठून गेलीत. मग जोडणीची पिन काढून घ्यायची. लाईन दुसऱ्याला द्यायची असायची ना."

"मग?"

"मग आपल्याला कुणीतरी विचारतंय, आणि आपण उत्तर देत नाही आहोत."

त्यांनी वही ओढली आणि मागची पानं उलटायला लागले. उलटता उलटता थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. राउटर बसवल्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'दर दोन मिनिटांनी कुणीतरी ठोठावतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी चार शून्यं. नाव लपवतो. बंद केला.' आणि पुढे एक बरोबरची खूण, दुहेरी.

मला आठवलं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी आम्हाला ही हकिकत मोठ्या अभिमानाने सांगितली होती. एक्सचेंजमध्ये असताना निनावी फोन करून बायकांना छळणारे लोक त्यांनी शोधून काढले होते, त्यांच्या गोष्टी आम्ही दहादा ऐकल्या होत्या. हाही त्यातलाच एक, असं त्यांना वाटलं. नाव न सांगता दर दोन मिनिटांनी दार वाजवणारा माणूस सज्जन असेलच कशाला? फायरवॉलची नोंदवही इतक्या बारकाईने वाचणारा दुसरा माणूस या शहरात नसेल, आणि वाचून असा अर्थ काढणारा तर नाहीच. एखाद्या आळशी माणसाच्या घरी हा घोटाळा झालाच नसता.

"हे लोक टीव्हीचं चित्र घरोघरी वेगवेगळं पाठवत नाहीत," बाबा अगदी हळू आवाजात सांगत होते, मला की स्वतःला कळेना. "एकच पाठवतात. ज्याला हवं त्याने हात वर करायचा, मग त्याच्याकडे ते वळवतात. मल्टिकास्ट म्हणतात त्याला. पण एकदा हात वर करून भागत नाही. दर दोन मिनिटांनी विचारणा होते, अजून कुणी बघतंय का? ही विचारणा कुण्या एकाला नसते, सगळ्यांना मिळून असते, म्हणून कधीकधी विचारणारा आपला पत्ताही घालत नाही."

"हजेरीसारखं," मी म्हटलं. "मी नाव पुकारते, पोरांनी हजर म्हणायचं."

"हो. आणि मी आपल्या डब्याच्या कानांवर हात ठेवले. त्याला हजेरी ऐकूच गेली नाही. दोन हजेऱ्या चुकल्या, चार मिनिटं. विचारणा नेमकी दोन मिनिटं पाच सेकंदांनी होते, म्हणून वर दहा सेकंद, आणि उत्तराला आणखी दहा सेकंद सवलत. चार मिनिटं वीस." त्यांनी वही मिटली. "तिचे डोळे किती दिवसांचे सोबती आहेत ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यातले अकरा दिवस मी खाल्ले."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी काम केलं. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, फायरवॉलच्या यादीत खाली खाली जाऊन तो नियम काढला. पुस्तिका काढून मल्टिकास्टचं पान वाचलं, दोनदा. सगळंच उघडून टाकलं असतं तरी चित्र चाललं असतं, आणि माझ्या नवऱ्याने तेच केलं असतं. बाबांनी नेमकी ती एक विचारणा आत येईल आणि तिचं उत्तर बाहेर जाईल एवढीच वाट मोकळी केली. बाकीची दारं जशीच्या तशी बंद. वहीत लिहिलं: 'चार शून्यांना आत घेतलं. चूक माझी.' राउटर बंद करून चालू केला. तोवर साडेचार वाजून गेले होते. दुसरी कुठलीतरी वाहिनी लावून आम्ही दोघं उभे राहिलो, मी स्टॉपवॉच धरून. पडद्यावर कुणीतरी बागेत खड्डा खणत होतं. चार मिनिटं. चार वीस. चार तीस. खड्डा खणणं चालूच. दहा मिनिटं झाली, खड्ड्यात झाड लागलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेऊन आले. बाबांनी दुपारीच दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. चारच्या आधी ते सासूबाईंच्या समोर गुडघ्यांवर बसले, उजेडाकडे तोंड करून, आणि सगळं कबूल केलं. मी बंद केलं होतं. मला वाटलं चोर आहे. अकरा दिवस तुझी लेक तुला दिसली नाही ती माझ्यामुळे. आता दुरुस्त केलंय. सासूबाईंनी त्यांची मनगटं धरली होती, बाबांच्या हातांबरोबर सासूबाईंचेही हात हलत होते. बाबांचं बोलून झाल्यावर सासूबाईंनी नुसती मान हलवली.

चार वाजले. नणंद आली. कोपऱ्यात, निळ्या शर्टात, केस बांधलेले. हात चालायला लागले. चार मिनिटं झाली, पाच झाली. चित्र थांबलं नाही. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते, ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होते. ते तोंड फुलायला हवं होतं, आणि ते फुलत नव्हतं. सासूबाई मान इकडून वाकडी करून बघत, तिकडून वाकडी करून बघत. मग त्यांनी हात मांडीवर ठेवून दिले.

बाबांनी विचारलं, काय झालं? आता चालतंय ना?

त्यांनी सावकाश उत्तर दिलं. त्यांचे हात कधीच अडखळत नाहीत, त्या दिवशी अडखळले. "चालतंय. म्हणून दिसत नाही."

आम्हाला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं एकेक करून. हलणारे हात मला दीड महिन्यापासून दिसत नाहीत. नुसता धूर दिसतो. मी बातम्या बघत नव्हते, ती आहे एवढं बघत होते. मग एक दिवस ती थांबली. थांबली की मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, एकेक जागा शोधता येते. आधी कपाळ सापडलं. मग भुवया. परवा हनुवटीवरचा तीळ सापडला. अकरा दिवस मी तिला पोटभर पाहिलं.

"मग बोलली का नाहीस?" बाबांनी तिचे हात आपल्या मनगटांवर घेऊन विचारलं.

"तू एवढा खपत होतास," त्या म्हणाल्या. "आणि बोलले असते तर तुला कळलं असतं."

काय कळलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. दीड महिना ही बाई आम्हाला पत्ता लागू न देता घरात वावरत होती. मनगटं धरत होती ती प्रेमाने नव्हे, बोलणं वाचायला. मी चिडवलं होतं त्यावरून. मला स्वतःचीच लाज वाटली.

मला वाटलं, आता बाबा उठतील आणि आतल्या खोलीत जाऊन तो नियम पुन्हा घालतील. चित्र थिजवणं त्यांच्या हातात होतं, एक बटण दाबायचं काम. ते उठले. पण आत गेले नाहीत. दुसरी खुर्ची आणून त्यांनी सासूबाईंच्या खुर्चीला चिकटवून ठेवली, टीव्हीकडे तोंड करून. बसले, बायकोचे दोन्ही तळवे वर करून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत त्यांत बोलायला लागले.

नणंदेचे हात पडद्यावर, बाबांचे हात सासूबाईंच्या हातांत. ती सांगे आणि हे पोचवत. कुठेतरी पूल वाहून गेला होता. कुठल्याशा मंत्र्यांनी राजीनामा दिला होता. बाबा मागे पडत, घाईघाईत दोन बातम्या एकात मिसळत. पूल वाहून गेल्याबद्दल मंत्र्याऐवजी नदीनेच राजीनामा दिला की काय असं मलाही वाटलं. सासूबाई त्यांची बोटं पकडून नीट करत, "असं नाही, असं. पोरगी किती सुबक सांगत असेल, आणि तू?" आणि त्या हसत होत्या. तोंड मिटून, खांदे हलवत, त्यांच्या पद्धतीने. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी डोळे पुसायला फडका शोधत राहिले.

हवामान झालं. उद्या वारा सुटेल, किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी जपून राहावं. नणंदेने मान झुकवून निरोप घेतला, चित्र गेलं आणि साबणाची जाहिरात लागली. एक बाई फेसात हात बुडवून गात होती.

बाबांचे हात थांबले नाहीत. त्यांची नजर साबणावर होती आणि बोटं सासूबाईंच्या तळव्यांत चालत होती. आता घाई नव्हती, एकेक शब्द नीट, सुबक. मी जवळ सरकून वाचलं.

"ती म्हणतेय, आई, मी बरी आहे. सर्दी गेली. जेवण वेळेवर होतं. तुझी फार आठवण येते."

आमच्या बाबांनी आजवर कुणाचा निरोप एका शब्दानेही वाढवून सांगितला नव्हता. आणि बातम्यांत असं कुणी बोलत नसतं, हे रोज अर्धा तास याप्रमाणे इतकी वर्षं बातम्या पाहिलेल्या सासूबाईंना काय ठाऊक नव्हतं?

त्यांनी बाबांचे दोन्ही हात आपल्या हातांत बंद करून धरले. साबण संपला, टूथपेस्ट आली. मग त्यांनी ते हात सोडले, स्वतःचे तळवे पुन्हा वर करून त्यांच्यापुढे धरले, आणि एका बोटाने त्यांच्या मनगटावर टकटक केलं.

"पुन्हा सांग."